पाठीवरचे जांभळे गोल: कपिंगने नेमकं काय होतं?

लहानपणी स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढून घ्यायची, पेला चिकटला की हात सोडून घरभर मिरवायचं आणि आईच्या नजरेस पडलं की पाठीत धपाटा खायचा. हा उद्योग ज्यांनी केला आहे, त्यांना कपिंग, म्हणजे दुखऱ्या जागी आतली हवा काढलेले कप चिकटवण्याचा उपचार, अर्धं आधीच समजलेलं आहे. पेला काढल्यावर ओठांभोवती जे लाल कडं उमटायचं, तोच कपिंगचा डाग. फक्त इथे पेला पाठीवर लागतो आणि त्याचे पैसे पडतात.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तरणतलावात अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावरचे जांभळे गोल टीव्हीवर जगभर दिसले. पदकांइतकीच चर्चा त्या गोलांची झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतही काचेचे, प्लास्टिकचे, सिलिकॉनचे कप दिसू लागले आणि 'काहीतरी परदेशी, नवं आलंय' असा समज झाला.

नवं त्यात फारसं काही नाही. मराठीत या प्रकाराला शब्द आहे, तोही जुना: तुंबडी. वैदू समाजाच्या बायका सुया, बिब्बे, जडीबुटी घेऊन गावोगाव फिरायच्या आणि कुणाचा गुडघा, कुणाची पाठ दुखत असेल तर तुंबडी लावायच्या. त्यासाठी पोकळ शिंगाचं रुंद तोंड कातडीवर टेकवायचं, निमुळत्या टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची. बऱ्याचदा आधी कातडीला बारीक चिरे दिलेले असत, म्हणजे रक्तही ओढलं जाई. 'तुंबडी' म्हणजे मुळात वाळवून पोकळ केलेला भोपळा. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणाच्या, म्हणजे अंगातलं बिघडलेलं रक्त काढण्याच्या साधनांमध्ये शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा ही तिन्ही एकत्र येतात. वाताने रक्त बिघडलं असेल तर शिंग, पित्ताने बिघडलं तर जळू, कफाने तर भोपळा, अशी त्यांची वाटणीही आहे. भोपळ्याच्या आत दिवा ठेवून तो लावावा, हेही तिथे सांगितलं आहे. आज काचेच्या कपात क्षणभर पेटता बोळा फिरवून कप लावतात, ती युक्ती हीच. युनानी वैद्यकात याला हिजामा म्हणतात. चीन, अरबस्तान, युरोप, सगळीकडे या ना त्या रूपात हे होतं.

आपल्या भाषेने मात्र या उपचाराला एक टोमणाही मारून ठेवला आहे. दुसऱ्याला पिळून घेणं म्हणजे तुंबडी लावणं आणि स्वतःचा खिसा गरम करणं म्हणजे आपली तुंबडी भरणं. हे दोन वाक्प्रचार पुढे उपयोगी पडतील, म्हणून लक्षात असू द्या.

आता कप चिकटतो कसा ते पाहू. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की ज्योत ऑक्सिजन खाऊन टाकते आणि म्हणून आत पोकळी होते. हे बरंचसं चूक आहे. खरं कारण आपल्या जेवणाच्या डब्यात सापडतं. गरम भाजी डब्यात भरून लगेच घट्ट झाकण लावलं, की दुपारी ते झाकण काही केल्या निघत नाही. कारण डबा बंद करताना आतली हवा गरम होऊन फुगलेली होती, तिच्यातली बरीचशी बाहेर निघून गेली होती. उरलेली हवा थंड झाली, आकसली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने झाकण दाबून धरलं. आगीच्या कपात हेच होतं. हल्लीच्या कपांना वर पिस्तुलासारखा हातपंप लावतात आणि हवा थेट उपसतात. त्यात आगीचं कामच नाही, त्यामुळे भाजण्याचाही धोका नाही.

आपण म्हणतो कपाने कातडी 'ओढली', पण पोकळी काहीच ओढत नसते. बाहेरून आणि आतून असलेला दाब कातडीला कपात ढकलतो. किती जोराने? समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं तोंड सुमारे वीस चौरस सेंटिमीटरचं. आतला दाब एक तृतीयांशाने जरी कमी केला, तरी त्या गोलातल्या कातडीवर सहा-सात किलोचं बल काम करतं. एवढ्याशा जागेवर सहा-सात किलो! कातडी टम्म फुगून घुमटासारखी वर येते, ती उगाच नाही.

मालिशमध्ये बहुतेक भार आत, हाडाच्या दिशेने पडतो. कपिंगमध्ये तो उलटा असतो: कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूवरचं पातळ आवरण, सगळं बाहेरच्या बाजूला उचललं जातं. हाताने हे एवढं करता येत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्टना या साधनाचं आकर्षण. उचललेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त जास्त येतं, जागा गरम आणि लाल होते. ताण अजून वाढला की सर्वांत नाजूक केशवाहिन्या फुटतात आणि थोडं रक्त कातडीखाली सांडतं.

तो जांभळा गोल म्हणजे हे सांडलेलं रक्त. बास. 'डाग जितका काळा तितकं शरीरात विष जास्त', 'पहिल्या दिवशी काळा होता, चौथ्या वेळेला फिकट आला, म्हणजे विष निघालं', ही वाक्यं मी लोकांकडूनही ऐकली आहेत आणि पदवीधरांकडूनही. निरोगी मांडीवर कप लावा, तिथेही डाग पडेल. डागाचा रंग कपाचा जोर, लावून ठेवण्याचा वेळ आणि कातडीचा नाजूकपणा यांवर ठरतो. गुडघा आपटल्यावर तो आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होतो ना, तसाच हाही होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवं द्रव्य तयार होतं आणि त्यातून पिवळं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ झाली की डॉक्टर रक्तात मोजतात तेच. हा सगळा माल साफ करायचं काम शेवटी शरीरालाच करावं लागतं. शरीरातला नको असलेला ऐवज बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. पाठीच्या कातडीला ते खातं दिलेलं नाही. डाग आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत जातो.

मग दुखणं कमी झाल्यासारखं का वाटतं? आणि वाटतं, हे मी स्वतःच्या मानेवरून सांगतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून माझी मान आणि उजवा खांदा असा धरला होता, की गाडी मागे घेताना मला अख्खं अंगच वळवावं लागे. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तपासणी केली, हातात ताकद आहे का, मुंग्या येतात का ते पाहिलं आणि मग खांद्याच्या वरच्या जाड स्नायूवर तीन कप लावले. पाच मिनिटं नुसते ठेवले. नंतर म्हणाल्या, "आता कप असू देत, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा." कप काढले आणि मान पूर्वीपेक्षा बरीच वळली. जादूच वाटली. मी शर्ट घालायला लागलो तर त्या म्हणाल्या, "निघालात कुठे? खरं काम आता आहे."

या सुटकेमागे कोपराचा नियम आहे. कोपर दारावर आपटलं की आपण विचार न करता ते चोळतो आणि बरं वाटतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली याची एक उपपत्ती मांडली. दुखण्याचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं. स्पर्शाचे, दाबाचे, ताणाचे संदेश जाड आणि वेगवान तंतूंवरून येतात आणि ते फाटक काही काळ लोटून घेतात. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली, पण गाभा टिकून आहे. कप म्हणजे त्या जागेवर स्पर्शाचा आणि ताणाचा मोठा गलबला. शिवाय एका जागी थोडं बोचरं, सुसह्य दुखणं दिलं की मेंदू वरून इतर दुखण्यांचाही आवाज खाली आणतो. आणि 'या मॅडमना कळतंय, त्या काहीतरी करतायत' हा दिलासाही खोटा नसतो. त्यानेही दुखणं खरोखर हलकं होतं.

'स्नायूतल्या गाठी सुटल्या', 'चिकटलेले पडदे मोकळे झाले' असंही पुष्कळ ठिकाणी सांगतात. माझा यावर फारसा विश्वास नाही. स्नायूंची आवरणं ज्या तंतूंची बनतात ते चांगले चिवट असतात. दहा मिनिटांच्या कपाने ते सुटायला लागले असते, तर पाठीवर पिशवी अडकवून फिरणाऱ्या शाळकरी पोरांचं काय झालं असतं? बदलते ती बहुतेक मज्जासंस्थेची चिडचिड. ती काही तासांसाठी, कधी एक-दोन दिवसांसाठी निवते.

आणि तेवढ्यातच फिजिओथेरपीचं काम साधून घ्यायचं असतं. दुखतं म्हणून आपण मान हलवत नाही. हलवत नाही म्हणून ती आखडते, स्नायू कमजोर होतात आणि आणखी दुखते. हे चक्र व्यायामाने तुटतं, पण दुखत असताना व्यायाम करवत नाही. कपाने दुखणं थोडं बाजूला सरकलं की तेवढ्या वेळात मान पूर्ण फिरवून घ्यायची, हनुवटी मागे ओढायचा व्यायाम करायचा, रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून खांदे मागे खेचायचे. सांध्याला आणि मेंदूला कळतं की एवढी हालचाल केली तरी काही मोडत नाही. कप लावून घेऊन, चहा पिऊन घरी गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी मान पुन्हा जागेवर. टाचदुखी, पोटऱ्या, कंबर, मांडीची बाहेरची बाजू, यांवर कप लावतात तिथेही हिशोब हाच. कधी तेल लावून कप कातडीवरून सरकवतात, तर कधी पटापट लावून काढतात. तंत्रं निरनिराळी असली तरी त्या थोड्या उसंतीचं तुम्ही काय करता, यावरच सगळं अवलंबून.

'पण मला तर फरक पडला' हे वाक्य कुणी म्हटलं की वाद संपतो, असं आपल्याला वाटतं. तो तिथे सुरू होतो. आपण दवाखान्यात जातो ते दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेलं दुखणं पुष्कळदा आपलं आपणच खाली येतं. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, हा विनोद पाठदुखीलाही बऱ्यापैकी लागू पडतो. म्हणून संशोधक दोन गट करतात आणि एका गटाला खोटा उपचार देतात. गोळी खोटी देता येते, पण खोटा कप कसा द्यायचा? त्यावर त्यांनी काढलेली तोड मला फार आवडली. कपाला न दिसेल असं बारीक भोक पाडायचं. कप लागतो, क्षणभर ओढल्यासारखं वाटतं आणि हवा हळूच आत शिरून दाब उतरतो.

जर्मनीत फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार असलेल्या १४१ जणांवर असा प्रयोग झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. कप लावलेल्यांना नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांपेक्षा बरं वाटलं. पण भोकाच्या कपवाल्यांनाही जवळपास तितकंच बरं वाटलं होतं. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ९० रुग्णांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, खरे किंवा खोटे कप लावले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: खरे कप खोट्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये जर्मनीतच मानदुखीच्या ६१ रुग्णांची तुलना झाली होती. काहींना घरच्या माणसाने कपाने मालिश करायचं, काहींनी स्नायू आवळून सैल सोडण्याचा सराव करायचा. बारा आठवड्यांनी दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. कपवाल्यांना एकंदरीत बरं वाटत होतं आणि दाबल्यावर कमी दुखत होतं, एवढं मात्र दिसलं. खेळाडूंवरच्या अकरा प्रयोगांचा आढावा २०१८ साली निघाला, त्यात बाजूने किंवा विरुद्ध ठाम शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणजे फेल्प्स कपांमुळे जिंकला म्हणायला आधार नाही; तो कप लावूनही जिंकला, एवढंच म्हणता येतं.

उलट बाजूलाही अभ्यास आहेत. मान-कंबरदुखीत कपिंगने थोड्या दिवसांसाठी आराम पडतो असं दाखवणारे बरेच प्रयोग आहेत, पण त्यांतले पुष्कळसे लहान आहेत आणि कुणाला काय दिलं हे रुग्णाला उघड दिसणारे आहेत. त्यामुळे मला जमा-खर्च असा दिसतो: थोड्या वेळाचा आराम बऱ्याच जणांना मिळतो, पण त्यातला किती भाग कपातल्या पोकळीचा आणि किती भाग उपचार होतोय या भावनेचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत भर आहे तो रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगण्यावर आणि व्यायामावर. आपल्याकडे घरोघरी असलेला कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं, या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात करू नयेत असं तिथे म्हटलं आहे. माझ्या ओळखीतल्या निदान चार घरांत हे ऐकून भांडण होईल.

तर मग कप लावून घ्यावेत का? व्यायामाच्या जोडीला, तीन-चार वेळा, योग्य माणसाकडून, जरूर. नुसतेच, आठवड्यातून दोनदा, सहा महिने? इथे तो दुसरा वाक्प्रचार आठवावा. 'दहा सिटिंगचं पॅकेज आत्ता भरलंत तर दोन मोफत' असं ऐकू आलं, की तुंबडी नक्की कुणाची भरते आहे ते पाहावं. फिजिओथेरपिस्टची पदवी बीपीटी, म्हणजे चार वर्षांचं शिक्षण आणि वर इंटर्नशिप. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. कप लावण्याआधी त्यांनी तुम्हाला हलवून, वाकवून, दाबून तपासलं नाही आणि तुमच्या गोळ्या विचारल्या नाहीत, तर तिथून उठलेलं बरं.

गोळ्यांचं महत्त्व अशासाठी, की ज्यांना रक्त पातळ करण्याची औषधं चालू आहेत, वॉरफेरिन असो की हृदयासाठी घेतलेलं क्लोपिडोग्रेल, त्यांच्या कातडीखाली रक्त भसाभस सांडू शकतं. रक्त गोठण्याचा आजार असेल तर कपाचं नावच नको. पायाच्या शिरेत गुठळी असल्याची शंका असेल तर त्या पायाला हातही लावू नये. फुगलेल्या निळ्या शिरा, गजकर्ण, इसब, सोरायसिस, जखम, भाजलेली जागा, गाठ असलेली जागा, गरोदर बाईचं पोट आणि कंबर, हे सगळं वर्ज्य. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना कप जास्त घट्ट झाला हे कळतच नाही आणि फोड येतो. सत्तरीच्या पुढे कातडी कागदासारखी होते, तीच गोष्ट बरीच वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांची. त्यांना लावायचाच तर अगदी हलका.

चिरे देऊन रक्त काढण्याचा प्रकार, म्हणजे ओला हिजामा, हे वेगळंच प्रकरण आहे. फिजिओथेरपीत फक्त कोरडे कप बसतात. कातडी कापली की जंतुसंसर्ग आला, कावीळ 'बी' आणि 'सी'चा धोका आला, पात्याच्या स्वच्छतेचा प्रश्न आला. वारंवार केल्यास रक्तक्षय झाल्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. ज्यांना तो करायचाच आहे त्यांनी युनानीची बीयूएमएस पदवी असलेल्या, नवं पातं तुमच्यासमोर फोडणाऱ्या वैद्याकडेच जावं. रविवारी सभागृह भाड्याने घेऊन रांगेत शिबिर भरवणाऱ्यांकडे नव्हे.

काही दुखणी कपाची नसतातच. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत चालला असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उगाच उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं असेल, तर आधी डॉक्टर. पोकळीने दुखण्याचा आवाज दबतो आणि आवाज दबला की तपासणी लांबते. मला कपांचा खरा धोका वाटतो तो हाच, त्या जांभळ्या डागांचा नव्हे.

ऑनलाइन बारा कपांचा संच पंपासकट स्वस्तात मिळतो, त्यामुळे घरी लावण्याचा मोह होणार. लावायचेच झाले तर मानेच्या पुढच्या बाजूला, डोक्याला, मणक्याच्या हाडावर, गुडघ्यामागच्या खळगीत लावू नका. पंप दोनदा पुरे, पाच मिनिटं पुरेत, आणि पेटता बोळा तर घरी अजिबात नको. स्वतःच्या पाठीला हात पोचत नाही म्हणून नवऱ्याला किंवा बायकोला लावायला सांगाल, तर कुरकुर ऐकायची तयारी ठेवा.

माझ्या मानेला मॅडमनी तीन वेळा कप लावले. चौथ्या वेळी मी सवयीने शर्टाची बटणं काढायला लागलो, तर त्यांनी कपांचा डबा टेबलाखालीच राहू दिला आणि हातात रबरी पट्टा दिला. या वेळचा पट्टा आधीच्यापेक्षा जाड होता. "पंधराचे तीन सेट," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या पेशंटकडे वळल्या.